आजोबांचा तीरकमठा

मुलांनो, आज आधी तीन गोष्टी आठवा. तिन्ही तुम्हाला ठाऊक आहेत, आजीने सांगितलेल्या नाहीतर टीव्हीवर पाहिलेल्या.

पहिली श्रावणबाळाची. रात्रीची वेळ, शरयूचा काठ. दशरथ राजा शिकारीला बसलेला. अंधारात बुडबुड आवाज आला. राजाला वाटलं, हत्ती पाणी पितोय. त्याने आवाजाच्या रोखाने बाण सोडला आणि तो घागर भरणाऱ्या श्रावणाला लागला.

दुसरी पांडू राजाची. त्याने रानात रमलेल्या हरणाच्या जोडीवर बाण मारले. तो हरीण म्हणजे किंदम ऋषी होते. मरता मरता त्यांनी राजाला शाप दिला. पण त्याआधी ते काय म्हणाले ते लक्षात आहे का? राजाने शिकार करू नये असं ते म्हणालेच नाहीत! त्यांची तक्रार एवढीच होती की तू वेळ पाहिली नाहीस, थांबला नाहीस.

तिसरी जरा नावाच्या व्याधाची. झाडाखाली पहुडलेल्या श्रीकृष्णाचं पाऊल त्याला लांबून दिसलं. त्याला वाटलं हरीण. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

या तिन्ही गोष्टींत सारखं काय आहे? धनुष्यबाण, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण अजून एक गोष्ट सारखी आहे. तिघांचाही नेम अचूक होता! चूक नेमात नव्हती, नेम धरण्याआधी होती. एकाने पाहिलं नाही, एकाने थांबायला हवं होतं तेव्हा थांबला नाही, एकाने खात्री केली नाही. आपल्या पूर्वजांना शिकारीतला न्याय-अन्याय कळत होता, आणि राजा असो की व्याध, ते दोघांनाही एकाच मापाने मोजत होते.

ही सगळी आठवण काढायचं कारण म्हणजे एक पत्र. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातून, नागझिऱ्याच्या कडेच्या एका गावातून आठवीतल्या एका मुलाने ते पाठवलंय. त्याचं नाव मी छापत नाही. पत्र असं आहे :

‘आमच्या शाळेत वन्यजीव सप्ताहात चित्रं लावली होती. एका चित्रात लंगोटी घातलेला माणूस होता, हातात तीरकमठा. खाली लिहिलं होतं, वन्यप्राण्यांचा शत्रू. सगळी पोरं माझ्याकडे पाहून हासली. म्हणाली, हा तर तुझा आजा. आमच्या घरी आजोबाचा तीरकमठा आहे, आढ्याला बांधून ठेवला आहे. आजोबा आता म्हातारे आहेत. मी त्यांना चित्राचं सांगितलं नाही. माझे आजोबा चोर होते का?’

पत्र वाचून मी दोन दिवस गप्प होतो. ‘नाही रे बाळा’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण हा मुलगा विचार करणारा आहे, त्याला गोड उत्तर पुरायचं नाही. तेव्हा नीट मुळापासून पाहू.

आधी तीरकमठा म्हणजे काय ते पाहू. बांबूची किंवा चिवट लाकडाची कांब, तिला दोरी, आणि लोखंडी फाळाचा बाण. गोळी लागली की जनावर पुष्कळदा जागीच कोसळतं. बाणाचं तसं नसतं. बाण कापतो, रक्त वाहतं आणि जनावर पळतं. नेम उत्तम बसला तर थोडं पळून पडतं. नेम इकडे-तिकडे झाला तर तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस तडफडतं आणि कुठल्या तरी जाळीत जाऊन मरतं, कुणाच्या हातीही लागत नाही. म्हणून बाणाने शिकार करणाऱ्याला जनावराच्या अगदी जवळ, वीस-पंचवीस पावलांवर जावं लागतं. त्यासाठी वारा कुठून येतो ते कळावं लागतं, वाळक्या पानावर पाय कसा टाकायचा ते कळावं लागतं. आणि बाण लागल्यावर खरं काम सुरू होतं. रक्ताचा माग काढत जायचं, पानावरचा थेंब पाहायचा, वाकलेलं गवत पाहायचं आणि जनावराला सोडवायचं. जखमी जनावर तसंच टाकून घरी जेवायला येणारा शिकारी हा शिकारीच नव्हे, असं जगभरच्या जुन्या शिकाऱ्यांनी मानलंय.

म्हणजे बघा, धनुर्धराकडून बंदूकवाल्यापेक्षा जास्त संयमाची अपेक्षा आहे. त्याच्याकडे वाया घालवायला दुसरा बार नसतो.

शिवाय बऱ्याच गोंड कुळांना एखादा प्राणी, पक्षी किंवा झाड पूज्य असतं. त्या कुळातली माणसं तो प्राणी मारत नाहीत, खात नाहीत. पण म्हणून जुने सगळे शिकारी साधुसंत होते, असं मी सांगणार नाही हं! गावच्या गाव हाका घालून रान उठवत, समोर येईल ते मारत. पाणवठ्यावर लपून बसत. काही ठिकाणी फाळाला विष लावत. हे सगळंही झालेलं आहे.

आता चित्रातल्या त्या ‘शत्रू’कडे येऊ. रानातली जनावरं खरोखर कमी कुणी केली?

इंग्रजांच्या राज्यात भंडारा जिल्हा मध्यप्रांतात होता. सरकारने जंगलं राखीव केली आणि शिकारीला परवाने काढले. जंगलाचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडले. परवाना काढून साहेब यायचा, मचाणावर बसायचा, रायफलीने वाघ, बिबटे, सांबर मारायचा. त्याच्यासाठी माग कोण काढायचं? हाका कोण घालायचं? गावातलाच गोंड! साहेब गेला की तोच गोंड पोरांसाठी ससा मारायला त्याच रानात शिरला, तर तो गुन्हेगार. साहेबाच्या शिकारीला नाव ‘स्पोर्ट’ आणि गोंडाच्या शिकारीला नाव ‘चोरी’. जनावर मरायचं ते मरायचंच. फरक मारणाऱ्याच्या कपड्यांत होता.

फोटोंचंही तसंच. जुन्या वाड्यांत, क्लबांत तुम्ही पाहिले असतील : मेलेल्या वाघावर पाय ठेवून मिशीवर ताव देणारे महाराज. आपल्याच मध्य भारतातल्या कोरिया संस्थानची गोष्ट ऐका. (कोरिया देश नव्हे. हे संस्थान आज छत्तीसगडमध्ये आहे.) १९४७ साली तिथल्या महाराजांनी एका रात्री मोटारीच्या दिव्यांच्या झोतात तीन चित्ते टिपले. पुढे त्या तीन चित्त्यांजवळ उभ्या असलेल्या शिकाऱ्याचा फोटोही छापून आला. आपल्या देशातल्या रानचित्त्यांची ही शेवटची खात्रीची नोंद मानली जाते. १९५२ साली भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. २०२२ साली आपण आफ्रिकेतून चित्ते आणले, ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले, हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. त्या शेवटच्या चित्त्यांवर तीरकमठ्याचा बाण सुटला नव्हता.

आणि पारधी समाजाचं तर विचारूच नका. १८७१ साली इंग्रजांनी एक कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला. म्हणजे पाळण्यातलं बाळसुद्धा गुन्हेगार! तो कायदा १९५२ साली रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, पण लोकांच्या मनातला अजून पुरता गेलेला नाही. आज त्याच समाजातले काही फासेपारधी अकोला-वाशिमकडे माळरानं राखतात, तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याचा ठावठिकाणा अभ्यासकांना सांगतात. फासे लावताना पक्ष्याची जी रीत त्यांना कळली, तीच आता त्याला वाचवायला कामी येते. पण शाळेतल्या चित्रात हे कोण काढणार?

‘म्हणजे मग आजोबांना शिकार करू द्यायला हवी होती का?’ असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच. नाही. इथे मी साफ नाही म्हणतो.

१९७२ साली देशात वाघ मोजले, तेव्हा ते १८२७ भरले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. या कायद्याची एक गंमत सांगतो, मोठ्यांनाही ती सहसा ठाऊक नसते. सुरुवातीला त्यात शिकार पूर्ण बंद नव्हती. काही जनावरांची शिकार परवाना काढून करता येत असे आणि कशी करू नये याची यादीच कायद्यात होती. पाणवठ्यावर दबा धरून मारू नये, रात्री मारू नये, गाडीतून मारू नये, विषारी हत्यार वापरू नये. पिल्लाला मारू नये, पिल्लू सोबत असलेल्या मादीला मारू नये. वाचताना मला तर एकदम दशरथ आणि पांडू आठवले! १९९१ साली ही कलमं काढून टाकली. का? शिकारीचे परवानेच बंद झाले, मग शिकार कशी करावी हे सांगायला कलमं कशाला? तेव्हापासून महाराज असो, साहेब असो की गोंड, सगळ्यांना नियम सारखा. शेत उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकराचा बंदोबस्त करायचा तरी वनखात्याची परवानगी लागते.

पुढे २००६ साली वनहक्क कायदा आला. मध, मोह, तेंदूपत्ता, बांबू यांवर रानातल्या लोकांचा हक्क त्याने मान्य केला. मात्र एक परंपरागत हक्क नाव घेऊन वगळला, तो शिकारीचा. काही लोकांना हा अन्याय वाटतो. मला विचाराल तर तो बरोबर आहे. पूर्वी रान अफाट होतं, माणसं मोजकी होती, तेव्हा गावातल्या चार तीरकमठ्यांनी रानाचं काही बिघडत नव्हतं. आज नागझिऱ्याच्या सभोवार रस्ते आहेत, शेतं आहेत, गावं आहेत. उरलेलं रान एका पोत्यातल्या शेवटच्या धान्यासारखं आहे. त्यातलं बियाणं खाऊन चालत नाही, मग खाणारा कितीही भुकेला असो.

पण आता शिकार बंद झाली, याचा अर्थ पूर्वी करणारे सगळे चोर होते असा होतो का?

इथे तुमच्याच भागातल्या एका माणसाची ओळख करून देतो. माधवराव पाटील डोंगरवार, नवेगावबांधचे. (नवेगावबांध तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. १९९९ साली जिल्हा वेगळा झाला आणि ते गोंदियात गेलं.) हे पाटील तरुणपणी शिकारी. रानातल्या जनावरांची ये-जा, पाणवठे, पक्ष्यांची घरटी, सगळं त्यांना तोंडपाठ. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावला आले, तेव्हा रानाचे कितीतरी धडे त्यांनी या पाटलांकडून घेतले. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे चितमपल्लींचं पुस्तक तुमच्या शाळेच्या वाचनालयात असेल तर जरूर काढा. १९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागेही माधवरावांची धडपड होती. लोक त्यांना पुढे ‘अरण्यपुत्र’ म्हणू लागले. माणूस तोच आणि डोळेही तेच. बंदूक तेवढी खाली ठेवली. चितमपल्ली २०२५ साली गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. वनाधिकारी एका जुन्या शिकाऱ्याला गुरू मानतो, यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

आता शिकाऱ्याच्या ‘चेहऱ्या’विषयी थोडं, म्हणजे लोकांपुढे तो कसा दिसतो त्याविषयी. अमेरिकेत आजही परवाना काढून धनुष्यबाणाने हरणं मारतात. त्यांचे धनुष्य आपल्यासारखे नाहीत, चाकं-दोऱ्या लावलेले ‘कंपाउंड’ धनुष्य असतात. तिथले शिकारी म्हणतात, आमच्या हत्यारांवरच्या करातून जंगलखात्यांना पैसा मिळतो. ते खरंही आहे, १९३७ पासून तसा कायदा आहे. तिथे नव्या शिकाऱ्यांना एक धडा शिकवतात : मेलेलं हरीण गाडीच्या टपावर बांधून गावातून मिरवू नका, रक्ताने माखलेले फोटो दाखवू नका, लोकांना किळस येते, आपलं नाव खराब होतं.

धडा वाईट नाही. पण मला त्यात एक गोम दिसते. २०१५ च्या जुलैत झिंबाब्वेमध्ये ‘सेसिल’ नावाचा सिंह मारला गेला. अभ्यासकांनी त्याच्या गळ्यात पट्टा बांधलेला होता. एका श्रीमंत अमेरिकन दंतवैद्याने त्याला राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर, आमिषावर आलेला असताना रात्री बाण मारला. सिंह जखमी झाला आणि कित्येक तासांनी, दुसऱ्या दिवशी त्याला ठार केलं. जगभर संताप उसळला. काही विमान कंपन्यांनी शिकारीची मुंडकी-कातडी नेणंच बंद केलं. त्या वेळी काही शिकारी हळहळले ते म्हणे ‘आपली प्रतिमा बिघडली’ म्हणून! अरे, पण त्या सिंहाचे ते तास? ते कुठल्या फोटोत नव्हते. फोटो झाकला असता तर ते तास कमी झाले असते का? आमिष, रात्र, जखमी जनावर. बाकी सोडा, दशरथाला ज्याने रडवलं तेच इथे होतं. फक्त धनुष्य महागडा होता.

आणि उलट बाजूने, ज्याचा फोटोच निघत नाही असा शिकारी आज तुमच्या जिल्ह्यात फिरतो. त्याच्या हातात तीरकमठा नसतो. त्याच्याकडे तार असते. विजेच्या लाइनीवर आकडा टाकायचा, रानवाटेवर उघडी तार पसरायची आणि घरी जाऊन झोपायचं. रानडुक्कर येवो, चितळ येवो, वाघ येवो, नाहीतर शेताला पाणी द्यायला निघालेला शेजारी येवो, तारेला सगळे सारखे! या माणसाला वारा ओळखावा लागत नाही, माग काढावा लागत नाही. त्याने जनावर पाहिलेलंसुद्धा नसतं. ‘जय’ वाघाचं नाव तुम्ही ऐकलंय ना? नागझिऱ्यात जन्मलेला, पवनी-उमरेडच्या कऱ्हांडला रानात राज्य करणारा. तो २०१६ साली दिसेनासा झाला, त्याचं काय झालं ते आजवर कळलं नाही. त्याचा बछडा ‘श्रीनिवास’ मात्र २०१७ साली चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ शेताच्या कुंपणातल्या विजेच्या तारेनेच मेला. त्याच्या गळ्यातही पट्टा होता.

शाळेतल्या चित्रकाराने खरं तर ही तार काढायला हवी होती. पण तार काढली तर ती कुणाचीही असू शकते, माझी, तुमची, सरपंचांची. लंगोटीवाला माणूस काढला की बाकीचे सगळे आपोआप निर्दोष ठरतात. म्हणून तर तसली चित्रं सोपी जातात.

तर मित्रा, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझे आजोबा चोर होते का, हे त्यांच्या हातातल्या हत्यारावरून मला सांगता येणार नाही, तुझ्या वर्गातल्या पोरांना तर नाहीच नाही. ते कधी, कुठे, काय आणि कशासाठी मारत, जखमी जनावराच्या मागे जात का, हे त्यांनाच ठाऊक. तूच त्यांच्याजवळ बस आणि विचार. पोटासाठी रानात गेले असतील तर सांगतील. कायदा आल्यावरही गेले असतील तर तेही कदाचित सांगतील, आणि ते चुकलंच होतं असं तुला वाटलं तर आदराने तसं म्हणायलाही हरकत नाही. आज्याला नातवाचा राग येत नसतो. पण चित्राचं त्यांच्यापासून लपवू नकोस. आणि गुरुजींनाही सांग, भांडायला नव्हे. आजोबांना शाळेत बोलवा, असं सांग. सांबराचा खूर आणि नीलगाईचा खूर यांतला फरक चिखलात काढून दाखवणारा दुसरा माणूस त्या शाळेला सहज मिळायचा नाही.

तीरकमठा आढ्याला आहे तर असू दे. तो घरात ठेवणं हा काही गुन्हा नाही. मात्र तो घेऊन अभयारण्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. लेखी परवानगीशिवाय कुठलंही हत्यार आत नेता येत नाही आणि कायद्याच्या व्याख्येत धनुष्यबाण हे हत्यारच आहे.

बाकीच्यांनी फार खूश होऊ नका! याच कायद्यात शिकारीची व्याख्याही आहे. नुसतं मारणं म्हणजे शिकार नव्हे. पकडणं, फासा लावणं, हुसकावणं, रानपाखरांची अंडी काढणं, घरटं मोडणं, हे सगळं शिकारीतच येतं. ज्यांच्या दप्तरात गुलेल आहे त्यांनी आता ती गुपचूप बाहेर काढावी. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधांवर आणि बोड्यांच्या काठी सारस पक्ष्यांच्या मोजक्या जोड्या उरल्या आहेत, महाराष्ट्रात त्या या भागाबाहेर जवळजवळ नाहीतच. वाल्मीकींनी ज्या क्रौंचाच्या जोडीसाठी शोक केला, ती सारसाचीच असावी असं काही अभ्यासक म्हणतात. तिथेही एक बाणच होता. सारसाच्या घरट्यात बहुधा दोनच अंडी असतात. ‘सहज’ म्हणून एक उचललं तर किती राहिलं, याचं गणित पहिलीतल्या पोरालाही येतं.

आणि ज्यांचे हात नेम धरायला फारच शिवशिवतात त्यांच्यासाठी. २०२३ साली जर्मनीत बर्लिनला जागतिक तिरंदाजी स्पर्धा झाली. त्यात कंपाउंड प्रकारात महिलांचं वैयक्तिक सुवर्ण साताऱ्याच्या अदिती स्वामीने मिळवलं, तेव्हा ती १७ वर्षांची होती. पुरुषांचं सुवर्ण नागपूरच्या ओजस देवतळेने. नागपूर भंडाऱ्याहून किती लांब? साधारण साठ किलोमीटर! ते धनुष्य फार महाग असतात हे खरं. पण आपल्याकडच्या स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा एक प्रकार आहे, त्यात साधा बांबूचा धनुष्य चालतो. लक्ष्य ३० आणि ५० मीटरवर असतं. पत्र लिहिणाऱ्या मित्रा, खेळाच्या सरांना याची चौकशी करायला सांग. दोरी किती ताणायची आणि श्वास कधी रोखायचा, ते शिकवणारे घरी आहेतच.